तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री आमच्या स्टेशनवर परकी भाषा का यायची?

"तुम्ही रेडिओच्या ट्रान्समीटरवर होतात ना? मग रात्री तुमच्या स्टेशनवर ती परकी भाषा कशी घुसायची?" लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, हा प्रश्न मी तीस वर्षं ऐकतोय. विचारणाऱ्याने उत्तर ठरवलेलंच असतं: हे लोक झोपा काढत असणार. आज एकदाच नीट सांगतो.

आम्ही झोपत नव्हतो. फ्रीक्वेन्सी आमच्या एकट्याची नव्हतीच. 1975 साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जिनिव्हातल्या परिषदेत युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडच्या देशांनी मध्यम लहरींची, म्हणजे रेडिओवरच्या मीडियम वेव्हची, वाटणी केली. 23 नोव्हेंबर 1978 पासून ती लागू झाली. 531 ते 1602 किलोहर्ट्झ, दर नऊला एक जागा. मोजा, 120 भरतात. निम्म्याहून अधिक जगाला 120! पुण्याचे 792, रत्नागिरीचे 1143, सांगलीचे 1251 नऊने भागून पाहा, बाकी उरणार नाही. साहजिकच एकेका जागेवर कित्येक केंद्रं बसवली, एकमेकांपासून लांब ठेवून. दिवसा ते निभतं. सूर्य मावळला की लहरी शोषणारा वातावरणातला खालचा थर विरतो, वरचे थर त्या जमिनीकडे परतवतात आणि हजार-दोन हजार किलोमीटरवरचं स्टेशन अंगणात येतं. सह्या करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. रात्रीचा त्रास धरूनच ती आखणी झाली.

हे सगळं मला पाठ होतं. तरी 1986 मधली ती रात्र जात नाही.

आमच्या केंद्राने माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. प्रसारण रात्री पावणेनऊला. मी ती ड्यूटी मागून घेतली. काटे जागच्या जागी, मॉनिटरवर आईचा आवाज स्वच्छ. लॉगबुकात "प्रसारण ठीक" लिहून मी सही केली.

गाव तिथून ऐंशी किलोमीटर. ओटीवर आळीतल्या बायका जमलेल्या, रेडिओत नवे सेल. पहिली ओवी अर्धी झाली आणि खालून एक पुरुषाचा आवाज वर आला, अरबी बोलणारा. दोन केंद्रांच्या लहरींत एखाद्या हर्ट्झचा फरक असला की आवाज झोपाळ्यासारखा हेलकावतो. तशी माझी आई जवळ येत, लांब जात राहिली. बायकांनी रेडिओ फिरवून पाहिला, आडवा करून पाहिला. मग एकेक उठून घरी गेली.

रविवारी गेलो तेव्हा आई म्हणाली, "तुझंच ना रे स्टेशन? मग त्याला गप्प का नाही केलंस?"

मी म्हणालो, "चोर आहेत ते, आई."

खोटं बोललो. निघण्याआधी मी जिनिव्हाच्या वाटणीची यादी पाहिली होती. त्याचीही तिथे रीतसर नोंद होती, आमच्यासारखीच.

तेव्हाचा मी म्हणायचा, भारताने भांडून स्वतंत्र जागा घ्यायला हव्या होत्या. त्याला मी आता विचारतो, कुणाच्या घ्यायच्या? 1971 साली स्वतंत्र झालेल्या आखातातल्या चिमुकल्या देशांच्या? तिथेही कुणाची तरी आई ऐकत असेल. तो ऐकत नाही. म्हणतो, ज्याला मोठा ट्रान्समीटर परवडतो त्याचाच आवाज रात्री वर राहतो, ही कसली वाटणी? यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

आईसाठी टेप मागायला गेलो तोवर दोन महिने उलटले होते. टेपांचा कायम तुटवडा. तिच्यावर भाताच्या किडीचा सल्ला भरला होता.