स्टॉक उकळणं सोपं, निववणं कठीण

घरी चिकन स्टॉक, म्हणजे हाडं आणि भाज्या उकळून काढलेलं रसदार पाणी, करायचा ठरवलं तेव्हा माझं सगळं लक्ष हाडं, कांदा, गाजर आणि मंद आच यांवर होतं. त्यात अवघड काही निघालं नाही. कच्चं चिकन नळाखाली धुतलं नाही, कारण त्या शिंतोड्यांबरोबर साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जिवाणू सिंकभर, ओटाभर पसरतात. पातेल्यात तर ते उकळून मरणारच आहेत. सुरी, पाट, हात साबणाने धुतले, वर आलेली मळी झाऱ्याने काढली आणि पातेलं आपल्या गतीने शिजू दिलं.

खरं काम गॅस बंद केल्यावर सुरू झालं.

"झाकून ठेव, सकाळी परत एक उकळी दे" हा सल्ला बहुतेकांनी ऐकलेला असतो. मला तो पटेना. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू (त्याची टणक, निद्रिस्त रूपं) साध्या उकळीला दाद देत नाहीत. स्टॉक कोमट झाला की ते जागे होतात, आणि ४३ ते ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास तर दर दहा मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. त्यांना हवेतला ऑक्सिजन नकोच असतो, म्हणजे खोल, झाकलेलं पातेलं त्यांच्या पथ्यावरच पडतं. सकाळच्या उकळीने वाढलेले जिवाणू मरतील हे मान्य. पण हातांवरून स्टॉकमध्ये पडलेला स्टॅफिलोकोकस हा जिवाणू रात्रभरात जे विष तयार करून ठेवतो, ते उकळूनही जात नाही. वासाने, चवीने कळतही नाही.

व्यावसायिक स्वयंपाकघरांत पाळतात तो नियम मी धरला: साधारण ६० अंशांपासून २१ पर्यंत दोन तासांत, आणि तिथून ५ अंशांच्या खाली पुढच्या चार तासांत. पहिला टप्पा जास्त कडक आहे, कारण जिवाणूंची घोडदौड त्याच पट्ट्यात चालते.

त्यासाठी अन्नात खुपसायचा थर्मामीटर घेतला आणि आधी बर्फाच्या पाण्यात धरून शून्य दाखवतो ना ते पाहिलं. मग मुद्दाम पातेल्यात दोन ठिकाणी मोजलं. कडेला बोट टेकवता येत होतं, मधोमध मात्र आकडा कितीतरी वर होता. वर आलेला चरबीचा तवंग गोधडीसारखा उष्णता धरून बसतो. त्यामुळे "पातेलं हाताला कोमट लागतं" या मोजमापावर माझा विश्वास उरलेला नाही.

हाडं, भाज्या गाळून टाकल्या की निम्मा पसारा कमी होतो. हाडंसुद्धा उष्णता साठवून असतात. पातेलं सिंकमध्ये ठेवून बाहेरून आधी नुसतं गार पाणी सोडलं. कढत स्टॉकला थेट बर्फ लावणं म्हणजे बर्फाची उधळपट्टी. हिशेब केला तर पाच लिटर स्टॉक ६० वरून २१ वर आणायला सुमारे अडीच किलो बर्फ नुसता वितळून जातो. म्हणून वरची उष्णता नळाच्या पाण्याला घेऊ दिली, ते पाणी तापलं की बदललं, आणि मग बर्फ घातला. पाण्याची पातळी आतल्या स्टॉकइतकी हवी. सतत ढवळायचं, नाहीतर कडेचा गार थर कडेलाच राहतो. कंटाळवाणं आहे, पण डाव फिरवताना आकडा डोळ्यांदेखत उतरतो.

वेळ नसेल तेव्हा दुसरी युक्ती बरी: स्टॉक आटवून निम्मा करायचा आणि कमी केलेल्या पाण्याच्या जागी शेवटी पिण्याच्या पाण्याचा बर्फ घालायचा. उष्णता आतूनच जाते. मला हीच जास्त आवडते.

गार झालेला स्टॉक दोन बोटं खोलीच्या उथळ डब्यांत ओतून फ्रीजमध्ये ठेवला. अख्खं गरम पातेलं फ्रीजमध्ये ढकललं तर शेजारचं दूध तापतं आणि पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास कोमटच राहतो. दुसऱ्या दिवशी स्टॉक जेलीसारखा थलथलतो, ते हाडांतलं जिलेटिन. खराब झाल्याची खूण नव्हे. फ्रीजमध्ये ४ अंशांना तीन-चार दिवस, त्याहून जास्त ठेवायचा तर उणे १८ च्या फ्रीझरमध्ये. डबा काठोकाठ भरायचा नाही, गोठताना स्टॉक फुगतो. वर तारीख लिहायची. वापरताना थिजलेला तुकडा थेट भांड्यात टाकून खदखदून उकळी आणते.

बरणीत भरून कपाटात ठेवायचा मोहही झाला होता. पण स्टॉकमध्ये आंबटपणा नाही, आणि बंद बरणीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला नेमकं तेच हवं असतं. त्याचे बीजाणू मारायला दाबाखाली १२१ अंशांच्या आसपासचं तापमान ठरावीक वेळ लागतं, तेही तपासून सिद्ध झालेल्या पद्धतीने आणि त्यासाठीच्या खास उपकरणात. तेवढा उपद्व्याप मला झेपणारा नाही. मी फ्रीझरचा एक कप्पा रिकामा केला.