लेडफील्डचा डंप

माझे बाबा भंडाऱ्याकडच्या मँगनीज खदानीत ३१ वर्षं नोकरीला होते. २०१९ च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा आमच्याकडे लॉस एंजेलिसला आले. समुद्र, हॉलिवूड, मॉल सगळं त्यांनी शांतपणे पाहून घेतलं आणि एका रात्री जेवताना विचारलं, "बेटा, इकडे खदानी नाहीत का?" कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या राष्ट्रीय उद्यानात जुन्या खाणी आहेत; तिकडे जायचं तिथेच ठरलं.

टायटस कॅनियन रोड हा साधारण ४३ किलोमीटरचा कच्चा रस्ता. नेवाडातल्या बीटी गावाजवळ सुरू होतो, डोंगर ओलांडून डेथ व्हॅलीत उतरतो आणि वाटेत लेडफील्ड हे उजाड खाणगाव लागतं. रस्ता एकेरी आहे. एकदा आत शिरलं की मागे फिरायची सोय नाही.

आमची गाडी डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीक या वस्तीत ठेवली आणि जाड टायरांची जीप भाड्यानं घेतली. सकाळी उद्यानाच्या केंद्रात जाऊन रस्ता चालू आहे ना ते विचारलं, कारण पाऊस झाला की दरीतून पाणी वाहतं आणि रस्ता बंद होतो. पाणी माणशी चार लिटर सांगतात, मी दुप्पट घेतलं. बीटीला टाकी भरली. कच्चा रस्ता लागताच टायरांतली हवा कमी केली. फोनची रेंज तर त्याआधीच गेली होती.

सुरुवातीचा माळ सोपा होता, मग वळणावळणाचा चढ लागला. रेड पास ही खिंड सुमारे १६०० मीटरवर आहे. तिच्या अलीकडेच मागचं टायर गेलं. टोकदार दगडानं बाजूनंच फाटलं होतं, पंक्चर काढण्यासारखं नव्हतं. जॅक लावला तर तो खडीत रुतायला लागला. जीप देणाऱ्या माणसानं जॅकबरोबर एक लाकडी फळी दिली होती. ती कशाला, हे सकाळी मला कळलं नव्हतं. बाबांनी न विचारता ती काढली, खालची खडी हातानं सारखी केली, फळीवर जॅक ठेवला आणि मला म्हणाले, "चाक वर जायच्या आधी नट ढिले कर." पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात दुसरी गाडी आली नाही. या दरीला ज्याचं नाव आहे, तो मॉरिस टायटस हा तरुण खाण अभियंता १९०५ मध्ये इथेच पाणी शोधायला गेला आणि परतला नाही. हे मी आदल्या रात्रीच वाचलं होतं. बाबांना मात्र ते संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही.

स्टेपनी संपली, म्हणून पुढे जीप बैलगाडीच्या चालीनं नेली. खिंडीपलीकडे उतारावर लेडफील्ड दिसलं: पत्र्याच्या दोनतीन गंजक्या खोल्या, कोसळलेली लाकडं, डोंगरात बोगद्यांची तोंडं. नावाप्रमाणे हे शिशाचं गाव. १९२६ मध्ये सी. सी. ज्युलियन या लॉस एंजेलिसच्या शेअर-दलालानं त्याचा एवढा गाजावाजा केला, की मार्चमध्ये खास रेल्वेनं गुंतवणूकदार बीटीला आणून इथे जेवू घातले. आपण आलो तो रस्ताही इथल्या खाण कंपनीनंच बांधलेला. ऑगस्टमध्ये पोस्ट ऑफिस उघडलं आणि पुढच्या जानेवारीत बंद झालं.

हे मी वाचून सांगत होते. बाबांचं लक्ष पत्र्यांकडे नव्हतंच. बोगद्याच्या तोंडाशी उतरलेल्या दगडमातीच्या ढिगाकडे ते पाहत होते. "डंप पाहा," ते म्हणाले. "एवढासा. खदान चालली असती तर डंप असा राहतो काय? आमच्याकडे डंपवर झाडं वाढली, तरी तो लांबून दिसतो."

मग खाली बसून त्यांनी एक दगड उचलला, तळहातावर दोनदा झेलला. शिशाचं खनिज हाताला जड लागतं, मँगनीजही लागतं; ते वजन बाबांच्या हाताला पाठ आहे. हा हलका होता. दुसरा उचलला, तोही हलकाच. "माल असेलही आत थोडाफार," ते म्हणाले, "पण एवढ्या लांबून वाहून न्यायला परवडला नसेल. अन् त्या लोकांनी जमवलेला पैसा या दगडावर लावला." त्यांचा आवाज जरा खाली आला होता. त्यांच्या ओळखीतल्या कितीतरी घरांनी अशा कागदांवर पैसे घालवलेले त्यांनी पाहिलेत. उद्यानातून दगड न्यायला बंदी आहे हे मी सांगायच्या आतच त्यांनी दोन्ही दगड होते तिथे ठेवले. बोगद्यातही गेले नाहीत. तोंडाशी उभं राहून, मान तिरकी करून वरचं छत पाहिलं आणि मला दंड धरून मागे घेतलं.

तिखट पुऱ्या तिथेच पत्र्याच्या सावलीत खाल्ल्या. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून फार वेळ बसता आलं नाही. शेवटची अरुंद दरी, जिथे चुनखडीच्या उंच भिंती जीपच्या दोन्ही अंगांना येतात, ती सावलीतच पार केली. बाबा खिडकीतून दगडाचे थर बघत होते, कुठे वाकलेत ते बोटानं दाखवत होते.

डांबरी रस्ता लागल्यावर कॉम्प्रेसरनं हवा भरली. बाबा गेज धरून उभे राहिले आणि प्रत्येक टायरचा आकडा मोठ्यानं वाचला, स्टेपनीचा दोनदा.