जुन्या पेट्रोल जीपला प्लग निवडताना

बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी भागात जुन्या जीप अजून दिसतात, पण बहुतेकांचं पेट्रोल इंजिन कधीच उतरवलं गेलं आणि जागेवर डिझेल बसलं. आमची लांब चेसिसची महिंद्रा, मागं पिकअपचा डबा असलेली, अजून मूळच्या हरिकेन इंजिनावर चालते. चार सिलिंडर, २.२ लिटर, पॉइंट आणि कंडेन्सरचं इग्निशन, म्हणजे ठिणगीचा करंट इलेक्ट्रॉनिक भागानं नाही तर उघडझाप करणाऱ्या पॉइंटनं तोडला जातो. आण्णांनी ते इंजिन उतरवू दिलं नाही आणि आता मीही देणार नाही.

यंदा पावसाळ्यात गाडी चढाला मिसिंग करायला, म्हणजे मधेच ठिणगी चुकवायला लागली. भाताची रोपं भरून शेताकडं निघालं की झटके. सिलिंडरात ठिणगी पाडणारे प्लग बदलायचे हे उघड होतं, पण आधी मी अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं. आमच्याकडच्या पावसात हे करावंच. दोन नंबरच्या प्लगच्या वायरवर, हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) टेकत होती तिथं, बारीक निळी ठिणगी सरपटत होती. अशी वायर असेल तर कितीही भारी प्लग घाला, करंट वाटेतच उतरतो. वायरी बदलल्या, प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून पुसून चीर आहे का ते पाहिलं, आणि मग प्लगकडं वळलो.

बेळगावात दुकानदारानं गाडीचं नाव ऐकून जो प्लग पुढं केला तो आट्यांना बरोबर बसणारा होता, १४ मिलिमीटर. पण मी जुना प्लग खिशातून नेला होता. दोन्ही शेजारी उभे केले तर नव्याचे आटे जवळजवळ दुप्पट लांब. आमच्या इंजिनाला आट्यांची लांबी ९.५ मिलिमीटर, हा १९चा. असा प्लग हेडच्या आत लोंबतो, उघडे आटे लाल होतात, त्यांवर कार्बन धरतो आणि काढताना हेडचे आटे घेऊन येतो. आत व्हॉल्व किंवा पिस्टन आडवा आला तर विचारूच नका. आमचे मिस्त्री म्हणतात तेच खरं: ‘‘आटं बसलं म्हणून प्लग बसला न्हवं गा, लांबी बघ आधी.’’

लांबीनंतर येतो गरम-थंडचा प्रश्न, आणि इथं भलेभले गोंधळतात. प्लगचं टोक साधारण साडेचारशे ते आठशे अंश सेल्सिअसच्या मध्ये राहायला हवं. खाली राहिलं तर काजळी जळत नाही, वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं. गरम प्लगात चिनी मातीचं नाक लांब असतं, उष्णता हेडपर्यंत सावकाश पोचते. थंड प्लगात ते आखूड. गोची आकड्यांत आहे. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, चॅम्पियन आणि बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. त्यामुळं एका कंपनीचा आकडा बघून दुसऱ्या कंपनीचा प्लग उचलू नये. या इंजिनाला पुस्तकात चॅम्पियनचा जे८ दिलाय, एनजीकेत त्याच्या जोडीचा बी६एस. मी बी६एस घेतले.

इरिडियमचे घ्या, लाखभर किलोमीटर बघायला नको, असंही सांगितलं गेलं. नव्या गाडीला ते ठीक आहे. आमचं इंजिन थोडं ऑइल खातं. तिथं प्लग झिजायच्या आधी काळा पडतो, मग ते जास्तीचं आयुष्य वापरायचं कधी? साधा तांब्याच्या गाभ्याचा प्लग काढून ब्रशनं पुसता येतो आणि वाईट वाटून न घेता बदलता येतो. रेझिस्टरवालाही घेतला नाही, कारण तो रेडिओतली खरखर आणि इलेक्ट्रॉनिक भागांना होणारा त्रास टाळायला असतो, आणि या गाडीत दोन्ही नाहीत.

ठिणगी जिथं उडी मारते तो प्लगचा गॅप डब्यातून येतो तसा न ठेवता फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) ३० थाऊ, म्हणजे इंचाचे ३० हजारांश केला, साधारण पाऊण मिलिमीटर. ठिणगीचा करंट देणारी कॉइल जुनी, पॉइंटवरची. गॅप वाढवला तर भरल्या गाडीत दाब वाढतो तेव्हा ठिणगी उडी मारत नाही. बाजूचा इलेक्ट्रोडच हलक्या हातानं वाकवायचा, मधल्याला गेज दाबायचा नाही. पॉइंटचा गॅपही त्याच बैठकीत २० थाऊ केला. बसवताना शेवटपर्यंत हातानं फिरवायचं, वॉशर टेकला की पान्यानं साधारण अर्धा फेरा. जुना प्लग परत घालताना त्याहून बराच कमी, वॉशर आधीच दबलेला असतो.

महिनाभर चालवून प्लग काढून पाहिले. तीन छान तपकिरी, चहाच्या डागासारखे. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं मिश्रण पातळ होतं म्हणून पांढरे दिसतील अशी धास्ती होती, पण कार्बोरेटर जरा श्रीमंत, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त सोडणारा ठेवल्यानं निभावलं. तीन नंबरचा मात्र ओला, ऑइलचा. त्या एकट्याला गरम प्लग घाल, असा सल्ला मिळाला. काजळी जळेलही, पण चोर्ल्याच्या घाटात भरल्या गाडीला तोच प्लग जास्त तापेल, आणि ऑइल तर येतच राहील. म्हणून चारही प्लग एकाच आकड्याचे ठेवलेत, तीन नंबरचा अधूनमधून पुसतो. सुगी आटोपली की ऑइल कुठून येतं ते शोधायला हेड उतरवून व्हॉल्वचे गाइड बघायचे, तिथं निभावलं नाही तर पिस्टनच्या रिंगा.