पाणवठ्यावरचा एकटा हुप्प्या

बुद्धपौर्णिमेची गणना. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या जंगलात मी मचाणावर, सोबत आमचे जुने वनमजूर बाबा. काम सोपं: पाणवठ्यावर जे येईल ते प्रपत्रात लिहायचं. प्राणी, संख्या, नर, मादी, पिल्लं, वेळ.

दुपारी एकच्या सुमाराला एक हुप्प्या आला. एकटाच. कान फाटलेला, टोळीतून हाकललेला असणार. पाण्यापासून दहा पावलांवर जो बसला तो बसलाच. मग जरा सरकला, मागं बघितलं, परत थांबला. पाण्याला तोंड लावलं न लावलं की मान वर. धड घोटभर न पिताच तो झाडीत निघून गेला.

चारला टोळी आली. मी तेवीस मोजली, बाबांनी चोवीस. एक पिल्लू आईच्या पोटाला चिकटलेलं मला दिसलंच नव्हतं. एक नर झाडावर, बाकीची निवांत पाण्याला लागली.

"एकलाले दोनच डोया शेतस," बाबा पुटपुटले.

एकट्याला दोनच डोळे. टोळीत डोळे जास्त, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला पहारा कमी. शिवाय बिबट्या आलाच तर एकच जाणार, आणि तो बहुधा कडेचा. म्हणून जो तो मध्ये घुसतो. कळप म्हणजे दुसऱ्याच्या आड लपणाऱ्यांची गर्दी, हे हॅमिल्टन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७१ साली गणितानं मांडलं होतं. प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा मला राग आला होता. लहानपणापासून ‘एकीचे बळ’ घोकलेलं! पण समोर वरचढ माद्या बाकीच्यांना पाण्यावरून सरळ हुसकावत होत्या. टोळीत राहणं फुकट नसतंच. नवा नर टोळी बळकावतो तेव्हा कधीकधी अंगावरची पिल्लंही मारतो. धारवाडकडच्या वानरांत सुगियामा या जपानी संशोधकानं साठच्या दशकात ते टिपलं. तरी माद्या टोळी सोडत नाहीत. बाहेर त्याहून वाईट.

एवढ्यात बाबांनी कोपरानं ढोसलं. पलीकडच्या काठावर तोच फाटक्या कानाचा हुप्प्या. टोळीपासून लांब, पण हाकेच्या अंतरात. आणि आता मान खाली घालून पोटभर पीत होता!

झाडावरच्या नरानं खॉक-खॉक सुरू केलं. क्षणात पाणवठा रिकामा. टोळी अलीकडच्या झाडांवर, हुप्प्या पलीकडच्या. घाणेरीतून बिबट्या उठला, वर एकदा बघितलं आणि उघड्यावरून रमतगमत चालता झाला. दबा धरणाऱ्याला एकदा बघितलं की त्याची शिकार संपली. त्याला सोबत नको असते, त्याचं हेही एक कारण. लपायला एकटा बरा.

प्रपत्र भरताना आमचा वाद झाला. बाबा म्हणत होते, पंचवीस लिहा, प्यायला तर बरोबरच. मी चोवीसची एक ओळ लिहिली आणि खाली दुसरी: वानर, १, नर.