देवळाच्या दगडांचं कॅथेड्रल: तुम्ही विचारलंत म्हणून

सुट्टीत वसईला आले की कुणी ना कुणी विचारतंच, "मंदिरं फोडून बांधलेल्या त्या चर्चमध्ये तुला प्रार्थना तरी कशी करवते?" नऊ वर्षं मेक्सिको सिटीत राहतेय आणि नऊ वर्षं विषय बदलत आलेय. आज सांगते.

मेक्सिको सिटीच्या त्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमध्ये, मी पहिल्यांदा गेले ती सान फेलिपेसाठी. मेक्सिकोत जन्मलेला हा संत आणि आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया, दोघांनाही ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रुसावर मारलं. फेलिपेचं चॅपेल या कॅथेड्रलमध्ये आहे. परक्या शहरात मला गावाकडचं म्हणावं असं तेवढंच सापडलं होतं. त्यात माझं काय चुकलं?

हे उत्तर पुरत नाही, मलाही कळतं.

चार वर्षांपूर्वी वसईतल्या आमच्या शेजारच्या मावशी लेकीबरोबर मेक्सिको सिटीत आल्या होत्या. त्यांच्या ओटीवर मी वाढले. कॅथेड्रलच्या शेजारीच तेम्प्लो मायोरचे, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या अ‍ॅझ्टेकांच्या मुख्य मंदिराचे, उकरून काढलेले चौथरे त्या बघून आल्या आणि कॅथेड्रलच्या दारात थांबल्या. "मी नाही येत आत." मी सांगत सुटले. १५७३ला सुरू झालेलं काम १८१३ला संपलं, आराखडा क्लाउदिओ दे आर्सिनिएगाचा, राजांच्या वेदीवर बाल्बासचं सोनेरी कोरीवकाम, घुमटावर शेवटचा हात मानुएल तोल्साचा. त्या ऐकत होत्या. मग मी म्हणाले, "मावशी, दगडाला धर्म नसतो."

"मग तुम्ही देवळाचेच का घेतलेत?"

तुम्ही. जन्मभर मला 'अगं' म्हणणारी बाई. आम्ही नाही हो, स्पॅनिश लोकांनी, असं ओठांवर आलं होतं. पोर्तुगीज वसईत होते तेव्हा माझे पूर्वज वाडीत पानवेल लावत होते, हेही आलं होतं. बोलले नाही. त्या तासभर बाहेर उन्हात बसल्या. मी आत मेणबत्ती लावली आणि माझी मलाच परकी वाटले.

ते दगडाचं वाक्य मी आता मागे घेते. १७९०मध्ये समोरच्या चौकात अ‍ॅझ्टेकांची सूर्यशिळा सापडली, ती पश्चिमेच्या मनोऱ्याच्या भिंतीला लावली आणि १८८५पर्यंत ती तिथेच होती. ज्यांनी ती घडवली त्यांच्यासाठी तो नुसता दगड नव्हता.

आणि जमीन. हे शहर तळ्याच्या चिखलावर बसलंय. जिथे जुन्या मंदिरांच्या भाराने चिखल आधीच दाबला गेला होता तिथे कॅथेड्रल कमी खचलं, बाकीकडे जास्त. म्हणून ते वाकडं झालं, तडे गेले. १९९०च्या दशकात उंच राहिलेल्या भागाखालचा चिखल थोडा थोडा उपसून त्यालाही खाली बसवलं. घुमटातून एक ओळंबा लोंबतो, इमारत कुठून कुठे कलली ते फरशीवर दिसतं. मी त्याच्यापाशी बराच वेळ उभी राहते.

तरी जाते. फेलिपेपाशी गोन्सालोंचं नाव घेते. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून दिलेलं नाही. गेल्या मे महिन्यात त्यांच्या ओटीवर चहा घेतला, तेव्हा त्यांनीही तो विषय काढला नाही.