तुम्ही विचारलंत म्हणून: मामाच्या रानात ज्वारी काढायला का जाते

ऑफिसात, सोसायटीत, सासरीसुद्धा कितीतरी जणांनी विचारलंय, नोकरी पुण्यात, घरदार पुण्यात, मग दर फेब्रुवारीत चार दिवस सुट्टी टाकून मंगळवेढ्याला मामाच्या रानात ज्वारी काढायला कशाला जातेस, तुझा काय वाटा आहे का त्यात? सातबाऱ्यावर माझं नाव नाही, कधीच नव्हतं. आत्तापर्यंत मी "आवडतं म्हणून जाते" एवढंच बोलून विषय संपवायचे, पण त्यात तात्या राहून जातात, म्हणून आज नीट सांगते.

तात्या म्हणजे माझ्या आईचे वडील. चार लेकी आणि शेवटी मामा. काळं रान, कोरडवाहू, विहीर होती पण तिला उन्हाळ्यात पाणी नसायचं. ज्यांनी आमच्याकडची शेती पाहिली नाही त्यांना खरं वाटत नाही, पण मंगळवेढ्याच्या त्या खोल काळ्या मातीत रब्बीच्या ज्वारीला पाणी द्यायचंच नसतं. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या घालायच्या, पडेल तो पाऊस मुरवून घ्यायचा आणि उत्तरा-हस्ताच्या सुमाराला पेरायचं, मग पुढचे चार महिने ती मालदांडी ज्वारी मातीतल्या ओलीवर आणि थंडीवर येते. २०१६ ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मिळालं (म्हणजे ती इथलीच खास, अशी सरकारी नोंद झाली) तेव्हा मामाने बातमी वाचून दाखवली आणि तात्यांनी चारी लेकींना एकामागून एक फोन लावून स्वतः सांगितली, जणू घरातल्या पोराचा पहिला नंबर आलाय.

मी सात-आठ वर्षांची असेन, दसऱ्याच्या सुट्टीत गेले होते आणि पेरणी चालू होती. तिफणीमागे, म्हणजे बैलांच्या पेरणीच्या औतामागे, चाड्यावर, म्हणजे ज्यातून बी नळ्यांत सोडतात त्या वाटीवर, आज्जी असायची, त्यादिवशी तात्यांनी बैलांचा कासरा मामाकडे दिला, माझा हात चाड्यावर ठेवला आणि माझ्या मुठीवर स्वतःची मूठ धरली. त्यांचा तळवा इतका खरखरीत होता की माझ्या हाताला टोचत होता. "दाणं बघू नगं पोरी, नळ्यातला आवाज ऐक. आवाज तुटला न्हाई पायजे." दाणे बोटांतून सुटून नळ्यातून खाली जाताना बारीक सर्र आवाज येतो, मूठ जास्त सैल झाली की तो दाटतो, घट्ट झाली की थांबतो. एक तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, पुरं होईपर्यंत ते माझ्याबरोबर वाकून चालले. डिसेंबरात परत गेले तर मला धरून रानात नेलं, "ह्यो तुझा तास बघ," आणि खरंच एका तासात मध्येच हातभर जागा रिकामी होती, माझी मूठ आवळली होती तिथली. ती जागा त्यांनी लक्षात ठेवली होती, पाव्हण्यांनासुद्धा कौतुकाने नेऊन दाखवायचे.

तात्या माया लपवणारे नव्हते. लेक सासरी निघाली की एसटी वळेपर्यंत स्टँडवर उभे राहून चारचौघांत रडायचे, नातवंडांचे मुके घ्यायचे, भाकरीचा पहिला तुकडा मोडून ज्याचं तोंड जवळ असेल त्याला भरवायचे. गावातली माणसं हसायची, त्यांना काही वाटायचं नाही.

याचं मूळ ७२ च्या दुष्काळात असावं असं मला वाटतं. आई तेव्हा चार वर्षांची, पाठची मावशी अंगावर पिणारी. तात्या आणि आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनला मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळायची आणि कामावर सुकडी, म्हणजे गोड कोरडं पीठ. आईला ती मिलोची भाकरी गिळायची नाही, म्हणून तात्या आपल्या वाटची सुकडी न खाता धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणायचे. ही गोष्ट तात्यांनी कधी सांगितली नाही, आईने सांगितली, आणि सांगताना तिला त्या सोग्याचा घामट गोड वाससुद्धा आठवायचा.

त्यानंतर तात्यांनी पेव कधी रिकामं ठेवलं नाही. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, तोंड लहान, आत मोठं, खाली-भोवती काड लावून ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतल्या कोंडलेल्या हवेने माणूस मरतो. तात्या आधी पेटता कंदील दोरीने सोडायचे, तो विझला तर वर घेऊन पेव तसंच उघडं ठेवायचं आणि आम्हा पोरांना लांब बसवून दामाजीपंतांची गोष्ट चालू व्हायची, बादशहाची कोठारं दुष्काळात लोकांना उघडून देणारे आमच्याच गावचे दामाजीपंत. गोष्ट संपली की परत कंदील. मग आंबूस वासाची ती ज्वारी वर यायची, तिची भाकरी पहिल्यांदा खाणाऱ्याला आवडत नाही, आम्हाला फार आवडायची.

आणि खळं झालं की आधी चार पोती बाजूला. लेकींची. त्यानंतर घरची, बियाण्याची, आणि उरलेली अडत्याकडे. पोत्यावर कोळशाने लेकीचं नाव लिहायचं, पुढे टेम्पो मिळाला तर टेम्पो, नाहीतर एसटीच्या टपावर. एका दुष्काळी साली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली, तेव्हा पेवातली काढून चौघींना दहा-दहा किलोच्या पिशव्या पाठवल्या आणि फोनवर आईला म्हणाले, "औंदा पोतं भरलं न्हाई बाळा, राग मानू नगं." आई फोन ठेवून कितीतरी वेळ तशीच बसली होती.

तात्या डिसेंबरात गेले, ज्वारी पोटरीत होती, म्हणजे कणीस अजून पानांच्या आतच होतं. शेवटचे आठ दिवस अंथरुणावर होते, जो येईल त्याला विचारायचे, निसवली का, कणसं बाहेर पडली का? मामाने एक कणीस आणून हातात दिलं, ते छातीवर ठेवून झोपले. त्या फेब्रुवारीत काढणीला माणसं मिळेनात, आमच्याकडे ज्वारी उपटून काढतात, जमीन दगडासारखी आणि धाटं हाताला कापतात, हाताला चिंध्या बांधाव्या लागतात. आई म्हणाली मी जाते, मी म्हटलं मी पण येते, चौघी बहिणी आणि आम्ही नातवंडं सगळे गेलो. तेव्हापासून जातेच आहे.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. मला वाटलं आता चार पोती तीन होतील, मामाची परिस्थिती काही फार बरी नाही आणि मी काही मनात धरणार नव्हते. मळणी झाली, मामाने चार पोती बाजूला लावली, कोळसा घेतला, तिन्ही मावश्यांची नावं लिहिली आणि चौथ्यावर आईचं लिहिता लिहिता थांबला. मग माझं लिहिलं. मामी म्हणाली, "शिवण नीट घाला हो, लांब जायचंय त्याला."

यंदाही १० फेब्रुवारीच्या सुमाराला निघणार आहे. कुणाला यायचं असेल तर सांगा, जुनी सुती साडी फाडून चिंध्या घेऊन ठेवते.