कुठला ‘अंदाज’?

‘अंदाज’ बघितलाय का, असं विचारल्यावर समोरचा माणूस काय गुणगुणतो त्यावरून त्याचं वय ओळखता येतं. आधार कार्ड मागायची गरज नाही. नर्गिस, दिलीपकुमार आणि राज कपूर अशी तीन नावं घेऊन जो उसासा टाकतो, त्याचा ‘अंदाज’ १९४९ चा, मेहबूब खान यांचा. ‘जिंदगी एक सफर है सुहाना’ म्हणत जो बसल्या जागी मोटारसायकल चालवायला लागतो, त्याचा १९७१ चा. अनिल कपूर म्हणाला तर १९९४. आणि अक्षयकुमारच्या एका बाजूला लारा दत्ता, दुसऱ्या बाजूला प्रियांका चोप्रा उभी केली तर २००३. चार सिनेमे, नाव एक, आणि गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही.

यातल्या पहिल्या दोन ‘अंदाज’चे भक्त आमच्या घरात आहेत आणि सणावारी ते एका पंगतीला येतात. आत्या पहिल्याच्या बाजूची. दिलीपकुमार आणि राज कपूर नायक म्हणून एकत्र आले ते या एकाच सिनेमात, हा तिचा हुकमी एक्का. त्यातही गंमत अशी की, नौशादनी मुकेशचा आवाज दिलीपकुमारला दिला आणि रफीचा राज कपूरला. पुढे आपल्या कानांना जी सवय लागली, तिच्या बरोबर उलट. काका दुसऱ्याच्या बाजूचे. तो रमेश सिप्पींचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, नायक शम्मी कपूर, म्हणजे पहिल्या ‘अंदाज’मधल्या राज कपूरचा धाकटा भाऊ. पण काकांच्या तोंडी शम्मी कपूरचं नाव क्वचितच येतं. राजेश खन्ना त्यात घटकाभर येतो, मोटारसायकलवर एक गाणं म्हणतो आणि मरून जातो. तेवढ्या भांडवलावर अख्खा सिनेमा त्याच्या नावावर जमा आहे. ‘राजेश खन्नाचा अंदाज’ असंच लोक म्हणतात. सातबाऱ्यावर एक नाव आणि वहिवाट दुसऱ्याची, त्यातला प्रकार.

एकाच नावाच्या दोन गोष्टी झाल्या की, आपण त्या वेगळ्या कशा ओळखतो, याचं मला भारी कुतूहल आहे. सिनेमाच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो, ‘जुना की नवा?’ हा प्रश्न दर वीस वर्षांनी नव्याने विचारावा लागतो, कारण नव्याचा जुना होतो. मग नायकाचं नाव लागतं. ‘अमिताभचा दोस्ताना की अभिषेकचा?’ इथे तर बापलेकच आमनेसामने. १९८० चा ‘दोस्ताना’ यश जोहरांनी काढलेला आणि २००८ चाही त्यांच्याच बॅनरचा, म्हणजे नाव घरातल्या घरात फिरलं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपल्याकडे पद्धतच आहे. फक्त नातू आजोबांसारखा दिसेल अशी खात्री कुणी देत नाही, आणि हा नातू तर अजिबातच तसा दिसत नव्हता. इम्तियाज अलींनी याहून कडी केली. २००९ मध्ये ‘लव आज कल’ काढला आणि २०२० मध्ये पुन्हा ‘लव आज कल’च. इथे ‘कुणाचा?’ विचारून उपयोग नाही, उत्तर एकच. सालच सांगावं लागतं.

माझी सगळ्यात आवडती साखळी मात्र ‘चलते चलते’ची. १९७२ मध्ये ‘पाकीजा’त लताबाईंनी ‘चलते चलते’ने सुरू होणारं गाणं गायलं. चार वर्षांनी ‘चलते चलते’ नावाचा सिनेमाच आला. त्याचं शीर्षकगीत किशोरकुमारने गायलं आणि त्यात विनंती होती की, माझी ही गीतं लक्षात ठेवा. लोक आज्ञाधारक. गीत लक्षात ठेवलं, सिनेमा विसरून गेले. त्याच गाण्यात पुढे ‘कभी अलविदा ना कहना’ हे शब्द येतात. २००३ मध्ये शाहरुख आणि राणी मुखर्जीचा ‘चलते चलते’ आला, आणि २००६ मध्ये शाहरुख आणि राणीचाच ‘कभी अलविदा ना कहना’. एका विसरलेल्या सिनेमाच्या एका गाण्यातून तीच जोडी दोन सिनेमे घेऊन गेली. बप्पी लाहिरींनी चाल बांधताना याची कल्पना केली असेल असं वाटत नाही.

यात कायदा काही म्हणत नाही का? म्हणतो, पण फार मनावर घेत नाही. ‘देसी बॉईज’ या नावावरून भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. कुणीतरी आधीच त्या नावाचं कथाबीज लिहून ठेवलं होतं. २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. दोन-चार शब्दांचं नाव म्हणजे स्वतंत्र साहित्यकृती नव्हे. नाव फारच गाजलं असेल, लोकांच्या डोक्यात ते एकाच गोष्टीशी घट्ट बसलं असेल, तर ट्रेडमार्कच्या वाटेने काही करता येतं. ‘शोले’वाल्यांनी ते करून दाखवलं. शिवाय निर्मात्यांच्या संघटनांकडे नावं नोंदवायची सोय असते, त्यामुळे आपसात थोडी शिस्त राहते. पण ‘अंदाज’, ‘बरसात’, ‘किस्मत’ असल्या नावांवर कायमचा हक्क कोण सांगणार? पाऊस आणि नशीब कुणाच्या नावावर कसं करायचं?

आपल्या मराठी गाण्यांचा प्रश्न वेगळाच. त्यांना मुळात नावच नसतं. भावगीताच्या पुस्तकाची सूची उघडा, तिथे पहिल्या ओळी असतात, त्याही अकारविल्हे. ध्रुवपद हेच नाव. त्यामुळे दोन गाणी एकाच शब्दाने सुरू झाली की, फर्माईश करणाऱ्याची पंचाईत. ‘आशाबाईंचं जिवलगा लाव’ असं कुणी म्हटलं तर मी थांबतो. शांता शेळक्यांचं, हृदयनाथांच्या चालीतलं ‘जिवलगा, राहिले दूर घर माझे’ हवंय, की गदिमांचं, बाबूजींच्या चालीतलं ‘सुवासिनी’मधलं ‘जिवलगा, कधी रे येशील तू’? दोन्ही आशाबाईंचीच. दोन्हींत कुणीतरी वाट बघतंय किंवा वाटेवर आहे. इथे गायिकेचं नाव सांगून भागत नाही. दुसरा शब्द ऐकेपर्यंत कळायचं नाही. हल्ली त्याच नावाची मालिकाही येऊन गेल्यामुळे फोनला ‘जिवलगा’ म्हटलं की, तो मालिकेचं शीर्षकगीतही पुढे करतो. फोनला ना सालाशी देणंघेणं, ना कवीशी.

परदेशात एकाने हा गोंधळ जाणूनबुजून घातला. पीटर गेब्रिएल या इंग्रज गायकाने १९७७ ते १९८२ या काळात आपल्या पहिल्या चारही आल्बमना एकच नाव दिलं, ते म्हणजे स्वतःचं. मासिकाच्या अंकांना कुठे दरवेळी नवं नाव असतं, असा त्याचा हिशेब होता. चाहत्यांनी मग मुखपृष्ठं बघून आपली नावं पाडली. मोटारीत बसलाय तो ‘मोटारवाला’, नखांनी चित्र ओरबाडलंय तो ‘ओरखडेवाला’, चेहरा वितळतोय तो ‘वितळलेला’. चौथ्या आल्बमला अमेरिकेतल्या कंपनीने हट्टाने वेगळं नाव चिकटवलं. मला यात चाहत्यांचं कौतुक जास्त वाटतं. कलावंताने नाव ठेवायला नकार दिला तरी लोकांचं नावाशिवाय अडतं, आणि ते नाव ठेवून मोकळे होतात. नावं ठेवण्यात आपण तरी कुठे मागे आहोत म्हणा.

वर्तमानपत्रं आणि मासिकांची जोडनावं झर्रकन सांगून टाकतो. टिळकांच्या काळी १८८१ मध्ये ‘मराठा’ निघाला तो इंग्रजीतून, आणि अत्र्यांचा १९५६ चा ‘मराठा’ मराठीतून. प्रेमचंदांचं हिंदी ‘हंस’ १९३० चं, अंतरकरांचं मराठी ‘हंस’ १९४६ चं. ‘माणूस’ म्हटल्यावर कुणाला प्रभातचा १९३९ चा सिनेमा आठवतो, कुणाला माजगावकरांचं साप्ताहिक. आणि ‘सामना’ म्हटल्यावर निळूभाऊ आणि डॉ. लागू समोरासमोर बसलेले दिसणाऱ्या लोकांची संख्या आता बरीच रोडावली असावी.

पण खरी मौज कादंबऱ्यांत आहे, कारण तिथे नावाच्या गोंधळात पुरस्कारही सापडतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ला ज्ञानपीठ मिळालं, असं छातीठोकपणे सांगणारे वाचक मला दर काही महिन्यांनी भेटतात. त्यांचं पूर्ण चुकतं असं नाही. ‘मृत्युंजय’ लिहिणाऱ्याला ज्ञानपीठ मिळालं होतं, १९७९ चं. फक्त तो ‘मृत्युंजय’ असमिया आणि लेखक बीरेंद्रकुमार भट्टाचार्य. सावंतांची कादंबरी १९६७ ची, भट्टाचार्यांची १९७० ची. सावंतांचा मृत्युंजय कर्ण. कवचकुंडलं, सूतपुत्राचा सल, कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी श्रीकृष्ण अशी आळीपाळीने बोलणारी माणसं. भट्टाचार्यांचा मृत्युंजय १९४२ च्या आसाममधला. तिथे लष्कराची रेल्वेगाडी रुळांवरून घसरवायची आहे, आणि ते काम ज्यांच्या अंगावर आलंय, त्यांतल्या काहींचा पिंड अहिंसा मानणाऱ्या वैष्णवांचा आहे. एक कुरुक्षेत्रावर मरण जिंकतो, दुसरे रुळांच्या कडेला. गोंधळात भर म्हणजे सावंतांनाही नव्वदच्या दशकात भारतीय ज्ञानपीठाचाच मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला. संस्था तीच, कादंबरीचं नाव तेच, पुरस्कार निराळा. मग वाचकाला दोष कसा द्यायचा? मी आता दुरुस्ती करत बसत नाही, उलट असमिया ‘मृत्युंजय’ वाचा म्हणतो. तिला हिंदी अनुवादात गाठता येतं, आणि माझ्या मते ती आपल्या ‘मृत्युंजय’पेक्षा कमी बोलते आणि जास्त बोचते. सावंतांचे भक्त माफ करोत.

‘ययाति’चंही तसंच. खांडेकरांची कादंबरी १९५९ ची, गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक १९६१ चं. दोघांनी महाभारतातली एकच गोष्ट उचलली. बापाला म्हातारपण नको म्हणून मुलगा आपलं तारुण्य देतो. खांडेकर तेव्हा साठी ओलांडलेले, त्यांची नजर ययातीच्या न शमणाऱ्या वासनेवर आणि समोर उभ्या केलेल्या संयमी कचावर. कार्नाड बाविशीचे, शिकायला ऑक्सफर्डला निघालेले, आणि घरच्यांना वाटत होतं, मुलगा हातचा जाईल. त्यांची नजर साहजिकच पुरूवर, आणि कुणी विचारतच नाही त्या त्याच्या बायकोवर. नवरा एका रात्रीत म्हातारा झाला, आता मी काय करू, हा चित्रलेखेचा प्रश्न आपल्या कादंबरीत शोधून सापडणार नाही. एकाने बापाच्या बाजूने लिहिलं, दुसऱ्याने मुलाच्या. नाव मात्र दोघांनीही बापाचंच ठेवलं. खांडेकरांना ज्ञानपीठ १९७४ चं, कार्नाडांना १९९८ चं.

इथे एक गोष्ट लक्षात येते. ‘ययाति’ म्हटल्यावर आपण ‘कुठल्या सालचा?’ असं विचारत नाही. ‘कुणाचा? खांडेकरांचा की कार्नाडांचा?’ असंच विचारतो. हा प्रश्न फार जुना आहे. जुन्या मराठीत एका नावाच्या अनेक कृती असणं ही अडचण नव्हतीच, ती रीत होती. हरिपाठ ज्ञानदेवांचा आहे, तसा नामदेवांचा, एकनाथांचा आणि तुकोबांचाही आहे. सीतास्वयंवर वामन पंडितांनी लिहिलं, आणि १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’च रंगभूमीवर आणलं. ‘नाव आधीच घेतलंय’ अशी कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. कथा सगळ्यांची, नाव सगळ्यांचं. बघायचं ते एवढंच की, ते म्हटलंय कुणी.

रुक्मिणी स्वयंवर तर कितीजणांनी लिहिलं. त्यातल्या नरेंद्राची, म्हणजे तेराव्या शतकातल्या महानुभाव कवीची एक गोष्ट त्या पंथाच्या परंपरेत सांगतात. देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या दरबारात त्याने आपलं ‘रुक्मिणीस्वयंवर’ म्हणून दाखवलं. राजा इतका खूश झाला की, म्हणाला, ओवीमागे सोन्याचं नाणं देतो, यावर कवी म्हणून माझं नाव घाल. नरेंद्राने नकार दिला. आमच्या कविकुळाला बोल लागेल, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. काव्य राजाकडेच राहिलं, आणि नरेंद्राला जेवढं पाठ होतं तेवढंच, साधारण निम्मं, पुढे लिहून निघालं. ग्रंथाचं नाव दहाजणांनी वापरलं असतं तरी त्याची हरकत नसती. कवीचं नाव मात्र विकायला नव्हतं. आज नेमकं उलटं झालंय. शीर्षक कोणी आधी नोंदवलं यावर आपण भांडतो, आणि गाणं कुणी लिहिलं हे मात्र फोनच्या पडद्यावर दिसतही नाही.

ही गोष्ट मी आत्याला मोठ्या उत्साहाने सांगितली. तिच्या नणंदेच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, म्हणून घरात रुक्मिणी स्वयंवराचं पारायण चाललं होतं. पोथी अर्थातच एकनाथांची. मी म्हटलं, “आत्या, एकदा नरेंद्राचं वाच, जास्त जुनं आहे, आणि कवी म्हणून माणूस काय बाणेदार!” आत्याने खुणेची दोरी पोथीत घातली, चष्मा वर केला आणि म्हणाली, “ते निम्मंच आहे म्हणालास ना? मग कसं चालेल? मुलगा बघायला येईल आणि चहा पिऊन परत जाईल.”